पहिली इंटर्नशिप: आधी आपल्या जिल्ह्याचं कोर्ट

परीक्षा संपत आल्या की विधी शाखेच्या मुलांच्या घरी एक प्रश्न हमखास निघतो: मुंबईच्या एखाद्या मोठ्या फर्ममध्ये कुणाची ओळख निघते का? पाथर्डीचे शिक्षक असोत, राहात्याचे दुकानदार असोत की अकोले तालुक्यातले शेतकरी, काळजी सारखीच असते. घरात याआधी कुणी वकील झालेलं नाही, तेव्हा निदान मोठ्या नावाचं प्रमाणपत्र तरी पोराच्या हाती असावं.

काळजी खरी आहे, पण तिच्यावरचा हा उपाय चुकीचा आहे. पहिली इंटर्नशिप अहिल्यानगरच्या जिल्हा न्यायालयात किंवा आपल्या तालुक्याच्या कोर्टात, साक्षीपुरावे चालवणाऱ्या वकिलाकडे करावी. मुंबई, पुणे, दिल्ली त्यानंतर.

नियम काय सांगतो

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. म्हणजे हिशेब सोपा आहे: दर वर्षी चार आठवडे. शेवटच्या वर्षी सगळं उरकू म्हणणाऱ्यांची तिथेच पंचाईत होते.

याच नियमात असंही आहे की शिक्षणाच्या काळात प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी खटले चालवणाऱ्या आणि अपिलं चालवणाऱ्या वकिलांकडे काम केलेलं असलं पाहिजे. बाकी जागा पुष्कळ आहेत: स्वयंसेवी संस्था, कंपन्या, नियामक संस्था, स्थानिक स्वराज्य संस्था. पण खालच्या कोर्टाची पायरी कुणालाच चुकत नाही. मग ती पहिलीच का नसावी?

शिवाय मूट कोर्ट आणि इंटर्नशिपच्या १०० गुणांच्या प्रात्यक्षिक विषयात ३० गुण एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष पाहून लिहिण्याला असतात. आणखी ३० गुण वकिलाच्या कार्यालयात पक्षकाराची मुलाखत कशी होते आणि कागद कसे तयार होतात, त्याच्या डायरीला असतात. या गुणांचं साहित्य कोर्टाच्या आवारातच मिळतं.

मे महिन्याचा पेच

पहिल्यांदा इंटर्नशिप करणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही: तुमची उन्हाळी सुटी आणि कोर्टाची उन्हाळी सुटी बरीचशी एकाच वेळी पडते. साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दिवाणी कामकाज जवळपास थांबतं. रिमांड, जामीन आणि तातडीची कामं तेवढी चालतात. १० मेला काळा कोट घालून गेलेला मुलगा रिकामे कोर्ट हॉल पाहून परत येतो आणि घरी सांगतो, ‘तिथे काही शिकायला नाही.’

म्हणून चार आठवडे मेच्या शेवटी सुरू करून जूनमध्ये संपवा. सुरुवातीचे दिवस कार्यालयात जुन्या फायली वाचण्यात घालवा आणि कोर्ट उघडलं की त्याच फायलींच्या तारखांना हजर राहा. परीक्षेचं वेळापत्रक आड येत असेल तर आधी महाविद्यालयाशी बोलून तारखा बदलून घ्या. नगरचं न्यू लॉ कॉलेज असो की संगमनेरचं विधी महाविद्यालय, दोन्हींच्या परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या वेळापत्रकावर चालतात. दिवाळीच्या सुटीतही असाच पेच येतो, तेव्हा तारखा आधी पाहून ठेवा.

खालच्या कोर्टात दिसतं काय

शेवगाव तालुक्यातल्या एखाद्या वाटपाच्या दाव्याची फाईल घ्या. सातबारा आणि फेरफार उतारे, त्यावरून लिहिलेला दावा, बेलिफाने बजावलेलं समन्स, प्रतिवादीची कैफियत, मनाई हुकमासाठीचा निशाणी ५ चा अर्ज, वादाचे मुद्दे, सरतपासाचं शपथपत्र, उलटतपास, युक्तिवाद, हुकूमनामा आणि त्यानंतर दरखास्त. दिवाणी प्रक्रिया संहिता वर्गात वर्षभर वाचूनही जे डोक्यात बसत नाही, ते अशा एका फाईलच्या रोजनाम्यात क्रमाने उलगडतं. तारीख का पडली, पुरसिस कशासाठी दिली, नोटीस बजावली नाही तर दावा कुठे अडतो, हे पुस्तकात सापडत नाही.

फौजदारी कोर्टात सध्या आणखी एक संधी आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, पण त्याआधीच्या गुन्ह्यांचे खटले भारतीय दंड विधानाखालीच चालतात. एकाच सकाळी, एकाच कोर्टात दोन्ही कायदे ऐकायला मिळतात.

आपल्या जिल्ह्याचा स्वभावही ओळखून घ्या. क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, चौदा तालुके, आणि प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यापासूनची सहकाराची परंपरा. त्यामुळे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खालचे वाद, पतसंस्थांची वसुली आणि ठेवीदारांची प्रकरणं इथे पुष्कळ. शेतरस्ता अडवला की मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारापुढे दावा जातो. नोंदीवरून वाद झाला की प्रांताकडे अपील. अकोल्याच्या डोंगरी भागात वनहक्काचे आणि आदिवासींच्या जमिनीचे प्रश्न, नागापूर-सुपा औद्योगिक वसाहतींमुळे कामगारांचे. महसूल आणि सहकाराची ही ओळख मुंबईच्या फर्ममध्ये बसून होणार नाही.

इंग्रजीची धास्ती घेतलेल्या मुलांनी हेही लक्षात घ्यावं: जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. साक्षीदार मराठीत बोलतो आणि दाव्याचा मसुदाही बहुतेक मराठीतच होतो. नेमकी, कायदेशीर मराठी लिहिता येणं हे या कोर्टांत मोठं भांडवल आहे. इंग्रजी वाढवायचीच आहे. त्यासाठी रोज एक निकालपत्र वाचा.

वकील कसा निवडायचा

नावापेक्षा काम पाहा. न्यायालयं सर्वांना खुली असतात, तेव्हा दोन दिवस मागच्या बाकावर बसा. उलटतपास कोण घेतं, कुणाची फाईल तयार असते, कोण नुसत्या तारखा घेतं, हे पाहिल्यावर लपत नाही. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावानेही प्रकरणं शोधता येतात. दिवाणी जास्त आहेत की फौजदारी, ते कळतं. साधारण दहा वर्षांहून जास्त अनुभव असलेले, ज्यांच्याकडे एक-दोन ज्युनिअर आहेत, असे वकील पहिल्या इंटर्नशिपला उत्तम. ज्येष्ठांना वेळ नसतो, पण ज्युनिअर शिकवतात.

मामाचे मित्र वकील आहेत म्हणून तिथेच जायचं, हे टाळलेलं बरं. ओळखीच्या ठिकाणी पाहुण्यासारखं वागवतात आणि चहा पाजून प्रमाणपत्र देतात. ओळख वापरायचीच तर फक्त भेट मिळवण्यासाठी वापरा.

भेटीला जाताना छोटा अर्ज न्या. तो असा असू शकतो:

‘आदरणीय वकीलसाहेब, मी विधी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. करार कायदा आणि फौजदारी कायदा हे विषय झाले आहेत. २५ मे ते २१ जून या काळात आपल्याकडे इंटर्नशिप करण्याची इच्छा आहे. मराठी टंकलेखन येतं. फायली वाचणं, तारखांची नोंद ठेवणं, निकालपत्रं शोधणं ही कामं करीन. महाविद्यालयाचं पत्र सोबत जोडलं आहे.’

एवढं पुरे. ‘लहानपणापासून न्यायाची आवड’ वगैरे लिहू नका.

चार आठवडे कसे घालवायचे

पहिल्या आठवड्यात तीन फायली पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. दुसऱ्या आठवड्यात रोजचा बोर्ड पाहून वकिलांबरोबर कोर्टात जा आणि संध्याकाळी डायरी लिहा. तिसऱ्या आठवड्यात नोटीस, वकीलपत्र, मुदतीचा अर्ज असे साधे मसुदे स्वतः करून दाखवा. लाल शाईने भरून परत आले तर तेच खरं शिक्षण. चौथ्या आठवड्यात एका मुद्द्यावर उच्च न्यायालयाचे निकाल शोधून दोन पानी टिपण द्या. कारकून आणि शिरस्तेदारांशी अदबीने वागा. कोर्टाची अर्धी प्रक्रिया त्यांच्याकडूनच कळते.

काही पथ्यं आहेत. पांढरा शर्ट, काळी किंवा पांढरी पँट, काळा टाय, काळा कोट हा विद्यार्थ्यांचा पोशाख नियमांनीच ठरवला आहे. मुलींना साडीचाही पर्याय आहे. बँड आणि गाऊन वकिलांचा, तो घालायचा नाही. न्यायाधीशांपुढे बाजू मांडायची नाही. पक्षकाराची गोष्ट घरीसुद्धा सांगायची नाही, आणि कोर्टात फोटो किंवा रील काढायचं तर मुळीच नाही.

दुसरी, तिसरी पायरी

दुसऱ्या वेळी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. १९८७ च्या कायद्याने महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीतले आरोपी अशांना मोफत वकील मिळतो. लोकअदालत आणि लोक अभिरक्षक कार्यालयाचं कामही तिथे पाहता येतं. स्त्रिया आणि मुलांच्या प्रश्नांत रस असेल तर १९८९ पासून नगरमध्ये काम करणाऱ्या स्नेहालयसारख्या संस्थेचा विचार करा.

अपिलांसाठी मात्र दिशा नीट समजून घ्या. आपलं विद्यापीठ पुण्यात, महसूल आयुक्त नाशिकला, पण नगर जिल्ह्याची अपिलं जातात ती उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे. म्हणून तिसरी इंटर्नशिप तिथे करा. ज्या खटल्याचा पुरावा नगरला ऐकलात, तसल्याच खटल्याचं अपील कसं चालतं ते दिसेल. फर्म आणि कंपन्या शेवटच्या दोन वर्षांत. तोवर तुम्हाला मसुदा लिहिता येत असेल आणि तेच तिथे विचारतात.

पालकांसाठी

इंटर्नशिपसाठी पैसे भरू नका. शुल्क घेऊन घरबसल्या प्रमाणपत्र देणाऱ्या जाहिरातींना भुलू नका. उलट बाजूने, जिल्ह्यात विद्यार्थ्याला मानधन मिळेल अशीही अपेक्षा नको. बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवलेले शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये हे सनद घेतलेल्या ज्युनिअर वकिलांसाठी आहेत.

वकिलांची कार्यालयं संध्याकाळी उशिरापर्यंत चालतात. मुलगी जामखेड किंवा पाथर्डीहून नगरला येणार असेल तर परतीच्या एसटीची वेळ आधीच सांगून ठेवा, किंवा तालुक्याचंच कोर्ट निवडा. कार्यालयात इतर ज्युनिअर, शक्यतो महिला वकील आहेत का, हे विचारण्यात संकोच नको. एकदा स्वतः जाऊन भेटा, मग लुडबुड करू नका.

पदवी मिळताच न्यायाधीश, हे स्वप्न असेल तर २० मे २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ध्यानात घ्या: दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर पदासाठी किमान तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक झाली आहे. इंटर्नशिप त्यात धरली जात नाही, पण ती तीन वर्षं कुणाकडे काढायची याचं उत्तर इंटर्नशिपमध्येच मिळतं.

जिल्हा कोर्टात सुरुवात केली म्हणून कुणी लहान राहत नाही. नगरला वकिली करणारे कुंदनमल फिरोदिया मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. न्यायमूर्ती अभय ओक यांनी १९८३ मध्ये ठाणे जिल्हा न्यायालयात वडिलांच्या चेंबरमध्ये वकिली सुरू केली आणि २०२५ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झाले.

तेव्हा ओळखी शोधणं थांबवा. या आठवड्यात एक दिवस मुलाला किंवा मुलीला तालुक्याच्या कोर्टात जाऊ द्या, तीन वकिलांची नावं लिहून आणायला सांगा आणि महाविद्यालयाच्या पत्रासह अर्ज करा. मोठी फर्म कुठेही पळून जात नाही.