घरगुती चित्रफितीचे संकलन : दोष कोठे शोधावा?

१९८२ साली दिल्लीत एशियाई खेळ भरले आणि त्याच सुमारास आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आले. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत व्हिडिओ कॅमेरा लग्नमंडपात शिरला. पेनगंगेच्या अलीकडे जैनथ-बेला भागात काय किंवा पलीकडे यवतमाळ-चंद्रपूरकडे काय, त्या काळच्या व्हीएचएस कॅसेटी घरोघरच्या कपाटांतून अजूनही निघतात. त्यांत नुसते लग्न नसते. आज हयात नसलेल्या आजीचे चालणे-बोलणे त्यांत असते, आणि ते बहुधा दुसरीकडे कोठेच नसते. जैनथला परमार जगद्देवाचा शिलालेख मिळाला. तो शतकांनंतरही विद्वानांना वाचता आला. चुंबकीय फितीला एवढे आयुष्य नाही. शिवाय ती वाचणारे यंत्रच दुर्मीळ झाले आहे. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआर बनविणे थांबविले, आणि ती हे यंत्र बनविणारी शेवटची कंपनी होती.

तेव्हा कॅसेट संगणकात उतरवून, काटछाट करून तिची डीव्हीडी करण्याचे काम घरातल्या महाविद्यालयीन मुलामुलींकडे येते. काम फारसे अवघड नाही. पण पाहुण्यांसमोर तबकडी लावली की ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे, असा प्रकार घडतो. मग बहुतेक जण तबकडी वाईट निघाली म्हणून दुसरी आणतात. वस्तुतः दोष शेवटी दिसतो, पण जन्मलेला असतो आधीच. या कामाच्या चार पायऱ्या आहेत : फीत संगणकात उतरविणे, संकलन, एमपेग-२ पद्धतीत रूपांतर आणि तबकडी लिहिणे. दोष दिसताच एकेक पायरी मागे जाऊन त्या त्या पायरीची फाईल पाहावी. ज्या फाईलमध्ये दोष नाही तिच्या पुढच्याच पायरीवर तो शिरला, हे उघड आहे.

संगणकापूर्वी संकलन कसे होई, हे पाहण्यासारखे आहे. नाशिक जिल्ह्यातील मालेगावचे नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवीत. व्हीसीआरवर चित्रपटांची काटछाट करता करता ते संकलन शिकले आणि २००० साली त्यांनी 'मालेगाव के शोले' हा चित्रपट केला. त्यांच्या पुढच्या एका चित्रपटाच्या निर्मितीवर फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २००८ साली केला. तो मिळाल्यास अवश्य पाहावा. व्हीसीआरवरील संकलन म्हणजे एका यंत्रावर फीत चालवायची आणि दुसऱ्यावर हवा तेवढाच भाग उतरवून घ्यायचा. अशा प्रत्येक नकलेत चित्र थोडे अधिक धूसर होते, रंग थोडे अधिक पसरतात. म्हणून उतरविण्यासाठी शक्यतो मूळ कॅसेटच मिळवावी, नातेवाइकांना वाटलेली नक्कल नव्हे. आणि ती यंत्रात घालण्यापूर्वी तिच्या मागच्या कडेचा छोटा प्लास्टिकचा तुकडा मोडलेला आहे ना, हे पाहावे. नसल्यास मोडावा, म्हणजे चुकून 'रेकॉर्ड'चे बटण दाबले गेले तरी फीत पुसली जाणार नाही.

आता आवाजाची तक्रार. आवाज पहिल्या मिनिटाला जेवढा मागे आहे तेवढाच शेवटच्या मिनिटालाही मागे असेल, तर संकलनाच्या पटावर ध्वनीची पट्टी तेवढी सरकविली की काम झाले. परंतु आरंभी बरोबर आणि मंगलाष्टकांपर्यंत येता येता दोन सेकंद चुकलेला, असे असेल तर सरकवून उपयोग नाही. बहुधा उतरविताना चित्राच्या चौकटी गळालेल्या असतात. आपल्याकडील पाल पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी असतात. तीन तासांत ५० चौकटी गळाल्या की दोन सेकंदांचे अंतर पडले. जुन्या फितीचा वेग किंचित डळमळतो, संकेत क्षणभर तुटतो, आणि संगणक ती चौकट सोडून देतो. उतरविणाऱ्या प्रोग्रॅममध्ये गळालेल्या चौकटींचा आकडा बहुधा दिसतो. त्यावर नजर ठेवावी. त्या वेळी संगणकावर दुसरे काहीही चालवू नये. फीत फारच डळमळत असेल तर मध्ये टाइम बेस करेक्टर हे यंत्र जोडतात. ते कोठून आणावे, असे वाचक विचारतील. पुष्कळ जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरांतून संकेत नुसता पार नेला तरी तो बराच स्थिर होतो. आवाज चिरका व घाईचा ऐकू येत असेल तर कारण निराळे आहे. डीव्हीडीला सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा ध्वनी लागतो, ऑडिओ सीडीचा असतो ४४,१०० चा. नीट रूपांतर न करता एकाला दुसरा समजले गेले की वेग व स्वर दोन्ही सुमारे नऊ टक्क्यांनी चढतात.

छोट्या डीव्ही कॅसेटवरून उतरविताना दर वेळी सुमारे वीस मिनिटांनीच काम थांबते, अशीही तक्रार येते. ही केबलची खोड नव्हे. डीव्ही पद्धतीत तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते, आणि फॅट-३२ पद्धतीच्या डिस्कवर एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही. एनटीएफएस पद्धतीची डिस्क वापरली की अडचण उरत नाही.

दुसरा मोठा दोष हलत्या चित्राचा. जुन्या दूरदर्शनची प्रत्येक चौकट दोन अर्धचित्रांची असते : एकात विषम रेषा, दुसऱ्यात सम. आधी कोणते दाखवायचे याचा क्रम ठरलेला असतो. डीव्ही कॅमेऱ्यात खालचे अर्धचित्र आधी येते, तर पुष्कळ कॅप्चर कार्डांत वरचे. रूपांतर करताना हा क्रम उलटा दिला गेला, तर स्थिर माणसे ठीक दिसतात. पण जैनथच्या लक्ष्मीनारायणाच्या उत्सवातील मिरवणूक सरकू लागली की ती एक पाऊल पुढे, अर्धे मागे अशी थरथरते. संगणकाच्या पडद्यावर हे पुष्कळदा लक्षातच येत नाही. म्हणून आडव्या हालचालीचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा पुन्हा लिहिता येणाऱ्या तबकडीवर उतरवून टीव्हीवर पाहावा आणि मगच सबंध तीन तासांचे रूपांतर सुरू करावे.

याच अर्धचित्रांमुळे देवनागरीची एक खास अडचण होते. शिरोरेषा एका रेषेएवढी बारीक असली तर ती एकाच अर्धचित्रात पडते आणि वधूवरांची नावे टीव्हीवर लुकलुकतात. अक्षर जाड घ्यावे, किंचित मऊ कडांचे घ्यावे. जुन्या प्रोग्रॅमांत ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते, जोडाक्षरे फुटतात. आपल्या कन्नड विभागातील मित्रांना ओत्ताक्षरांबाबत हाच अनुभव येईल. अशा वेळी झगडत बसू नये. जो प्रोग्रॅम अक्षरे नीट जोडतो त्यात नावांची पाटी चित्र म्हणून तयार करावी आणि ते चित्र संकलनात घ्यावे. पाटीभोवती सर्व बाजूंनी एक-दशांश जागा मोकळी सोडावी, कारण जुने टीव्ही चित्राची कड कापतात.

चित्र चौकोनी ठोकळ्यांसारखे फुटत असेल तर गणित करावे. साध्या डीव्हीडीवर ४.७ अब्ज बाइट मावतात (संगणक हाच आकडा ४.३८ दाखवितो, तबकडीवाल्याने फसविलेले नसते). म्हणजे सुमारे ३७.६ अब्ज बिट. तीन तासांचे १०,८०० सेकंद. भागाकार केला की सेकंदाला सुमारे ३५ लाख बिट येतात. आता ध्वनी मूळ पीसीएम स्वरूपात ठेवला तर तोच १५ लाखांवर बिट खातो. चित्राला उरतात जेमतेम १९ लाख, आणि ते तुटपुंजे आहेत. ध्वनी डॉल्बी पद्धतीने दोन लाखांत बसविला तर चित्राला ३३ लाख मिळतात. फरक चटकन दिसतो. त्याहून बरे म्हणजे दोन तबकड्या कराव्यात, किंवा व्याह्यांच्या भेटीची चाळीस मिनिटे कमी करावीत. उलट, लहान चित्रफितीसाठी वेग चढवीतही नेऊ नये. नियमाप्रमाणे चित्राला ९८ लाखांपर्यंत मुभा आहे. पण घरी लिहिलेली तबकडी त्या वेगाला जुन्या प्लेअरमध्ये अडखळते. ८० लाखांच्या आत राहणे बरे.

संगणकावर चालते, प्लेअरवर नाही? नुसती फाईल डेटा तबकडी म्हणून लिहिली गेली का, आणि लिहून झाल्यावर तबकडी 'फायनलाइज' केली का, हे आधी पाहावे. अमेरिकेतील नातलगांना पाठवायची असेल तर तेथील जुन्या टीव्हीची पद्धत एनटीएससी, सेकंदाला सुमारे ३० चौकटींची, हे विसरू नये. त्यांना आता साधी फाईल पाठविणेच सोयीचे. नव्या लॅपटॉपांतून तबकडीचा खण नाहीसाच झाला आहे.

डीव्हीडी ही वाटण्याची प्रत आहे, जपण्याची नव्हे. एमपेग-२ मध्ये रूपांतर होताना चित्रातील पुष्कळ माहिती गळते. डीव्हीडीवरून पुन्हा संकलन केले की ती आणखी गळते. म्हणून कॅसेटवरून प्रथम उतरविलेली मोठी फाईल दोन निरनिराळ्या डिस्कांवर ठेवावी आणि कॅसेटही फेकू नये. तबकडीवर कागदी लेबल चिकटविले तर ती फिरताना डगमगते. सीडी-डीव्हीडीसाठी मिळणाऱ्या मार्करने तिच्यावर नाव, गाव आणि साल लिहावे. लिहून झाल्यावर सबंध तबकडी एकदा संगणकात परत नक्कल करून पाहावी. शेवटच्या फाईलपर्यंत अडखळली नाही, तरच ती घरच्यांच्या हाती द्यावी.