आधी निरोप, मग निकाल
(दहावीचे विद्यार्थी व पालक यांच्यासाठी)



जानेवारी उजाडला की शाळाशाळांतून दहावीच्या निरोप समारंभाची लगबग सुरू होते. नववीची मुले फळा रंगीत खडूंनी सजवतात. एरवी गणवेशात दिसणाऱ्या दहावीच्या मुली त्या दिवशी आईची किंवा मावशीची साडी नेसून येतात. चार मुले कागद हातात धरून भाषण करतात आणि पाचव्या ओळीवर अडखळतात. वर्षभर छडी उगारणाऱ्या बाईंचाच गळा सर्वांत आधी दाटून येतो. शाळेला आठवण म्हणून भिंतीवरचे घड्याळ किंवा एखादे कपाट दिले जाते. पुढे शिक्षक खुर्च्यांवर आणि मागे बाकांवर मुले, असा गट-फोटो निघतो. पूर्वी ऑटोग्राफच्या वह्या फिरत. आता शेवटच्या दिवशी पांढऱ्या शर्टावर पेनाने नावे लिहिली जातात.

या समारंभातील एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. हा समारंभ परीक्षेच्या आधी होतो. कोणाला किती गुण पडणार हे कोणालाच ठाऊक नसते. पहिल्या बाकावरच्या मुलाला जो पेढा मिळतो, तोच शेवटच्या बाकावरच्यालाही मिळतो. ‘तू आमचा होतास’ एवढेच शाळा त्या दिवशी सांगते. आज याच क्रमाविषयी आपण थोडा विचार करू या.

‘शालान्त’ या शब्दाचा अर्थ

मुंबई विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा १८५९ साली सुरू झाली. ती होती विद्यापीठात प्रवेश मिळवण्यासाठी. पुढे तिची जागा शाळा संपल्याची साक्ष देणाऱ्या परीक्षेने घेतली, म्हणून तिचे नाव माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र परीक्षा. शालान्त म्हणजे शाळेचा शेवट. आपल्यातील ज्येष्ठांना आठवत असेल, की त्यांच्या वेळी ती अकरावीला होती. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आल्यावर १९७५ पासून ती दहावीला होऊ लागली.

म्हणजे या एका वर्षात दोन दारे आहेत. एक पुढचे दार, कॉलेजचे. तिथे गुणपत्रिका दाखवावी लागते. दुसरे मागचे दार, दहा वर्षांच्या शाळेचे. तिथून बाहेर पडताना शाळा सोडल्याचा दाखला मिळतो. तो दाखला एकदा नीट वाचून पाहा. त्यावर जन्मतारीख असते, आईचे नाव असते, अभ्यासातील प्रगती आणि वर्तणूक यांना रकाने असतात. टक्केवारीला रकाना नसतो.

टक्के काय सांगतात?

राज्य मंडळाच्या दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के लागला. २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर आला. मुले एका वर्षात इतकी मागे पडली काय? तसे नव्हे. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांत शाळेच्या हातातील २० गुण बंद झाले होते. २०२० मध्ये ते पुन्हा सुरू झाले. टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन इतर विषयांच्या सरासरीने त्याचे गुण दिले गेले, आणि निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ साली कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि दहावीचे अंतर्गत मूल्यमापन यांवरून निकाल लावला गेला, तो ९९.९५ टक्के.

याचा अर्थ गुणांना काहीच मोल नाही असा कोणी घेऊ नये. पहाटे उठून भूमितीची प्रमेये सोडवणाऱ्या मुलाच्या कष्टांचा मान राखलाच पाहिजे. प्रवेशही गुणांवरच मिळतो. मात्र मोजपट्टी बदलली की माप बदलते, आणि जिचे माप घेतले ती मुलगी तीच राहते, एवढे तरी या आकड्यांवरून कळावे. जर्मन तत्त्ववेत्ता इमॅन्युएल कांट याने १७८५ साली किंमत आणि प्रतिष्ठा यांत भेद केला. ज्याच्या बदली दुसरे काही ठेवता येते त्याला किंमत असते. ज्याच्या बदली काहीच ठेवता येत नाही त्याला प्रतिष्ठा असते. टक्क्यांना किंमत आहे. आपल्या लेकराला प्रतिष्ठा आहे.

घरातील दहावी

घरात मात्र क्रम अनेकदा उलटा होतो. ‘यंदा तिची दहावी आहे’ असे म्हणून टीव्ही बंद होतो, मामाच्या लग्नाला जाणे रद्द होते, गायनवृंदातून नाव काढले जाते, आजीला भेटायला जाणेही ‘परीक्षेनंतर’ असे ठरते. थोडी शिस्त हवीच. पण वर्षभर घरात एकच प्रश्न ऐकू येतो, ‘अभ्यास झाला का?’ मूल जेवले का, झोपले का, त्याचा मित्र का रुसला, हे विचारायचे राहून जाते.

मग निकालाचा दिवस येतो. नातेवाइकांचे फोन सुरू होतात, ‘किती पडले?’ नव्वद असतील तर आई आवाज चढवून सांगते. बावन्न असतील तर दार लोटून घेते. आतल्या खोलीत बसलेल्या मुलाला ते लोटलेले दार दिसते. आपल्यावरची माया निकालाची वाट पाहत थांबली होती, असे त्याच्या मनाने घेतले, तर पुढे किती समजावले तरी ते पुसणे कठीण जाते. काही घरांना याची किती भयंकर किंमत मोजावी लागली, हे वर्तमानपत्रांतून आपण वाचतो.

नापास झालेल्यांसाठीही वाट बंद नसते. पूर्वी फेरपरीक्षेसाठी ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागे आणि वर्ष जाई. २०१५ पासून निकालानंतर काही आठवड्यांतच पुरवणी परीक्षा होऊ लागली. एक-दोन विषय राहिले असतील तर सवलतीने अकरावीत प्रवेशही मिळतो. परीक्षेच्या काळात मंडळ समुपदेशकांचे फोन क्रमांक जाहीर करते. ते घरात सर्वांना दिसतील असे लावून ठेवावेत.

आपण काय करू शकतो?

दर वर्षी निकालानंतर ठिकठिकाणी गुणगौरव समारंभ होतात. अमुक टक्क्यांच्या वरच्यांना बक्षीस मिळते, आणि ते योग्यच आहे. पण त्याआधी शाळेचा क्रम आपणही पाळू या. परीक्षेपूर्वीच्या एका संध्याकाळी घरातील सर्वांनी मुलासोबत जेवावे. आजी-आजोबांनी डोक्यावर हात ठेवावा. त्या जेवणात टक्क्यांचा विषय काढू नये. आपल्या धर्मग्रामातही परीक्षेआधीच्या रविवारी मिस्सानंतर दहावीच्या प्रत्येक मुलामुलीला नावाने पुढे बोलवावे, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसलेल्यांनाही. जूनमध्ये पुढे येण्याची संधी सर्वांना मिळणार नाही. त्या रविवारी मात्र ती सर्वांना मिळेल.

वीस-पंचवीस वर्षांनी शाळेचे सोबती जमतात, तेव्हा ते ‘आमची दहावीची बॅच’ असे म्हणतात. त्या बॅचमध्ये पहिला आलेला असतो आणि गणितात राहिलेलाही असतो. तिथे कोणी कोणाची गुणपत्रिका मागत नाही. जे शहाणपण त्यांना चाळिशीत येते, ते सोळाव्या वर्षाच्या मुलाला घरातच मिळावे.

घरी बोलण्यासाठी प्रश्न
१. या आठवड्यात अभ्यास सोडून आपण मुलाशी कशाविषयी बोललो?
२. कमी गुण पडले तर आपण घरी पहिले वाक्य कोणते बोलू? ते आजच ठरवता येईल का?
३. विद्यार्थ्यांसाठी : शाळा सोडण्यापूर्वी कोणाचे आभार मानायचे राहिले आहेत? शिक्षकांबरोबर शिपाईकाका आणि वर्ग झाडणाऱ्या मावशी आठवतात का?