घाटात काटा लाल रेघेला का लागतो?

प्रश्न : माझ्याकडे २००४ सालची मारुती ८०० आहे. धुळे शहरात ती वर्षभर मुकाट चालते. पण एप्रिल-मेमध्ये चाळीसगावमार्गे छत्रपती संभाजीनगरला निघालो, की कन्नडच्या घाटात अर्ध्या चढावर तापमानाचा काटा सरकू लागतो आणि माथ्यावर पोहोचेपर्यंत लाल रेघेला टेकतो. एसी बंद केला की जरा उतरतो. मेकॅनिकने थर्मोस्टॅटच काढून टाकला, ‘आता तापायची नाही’ म्हणाला. काही फरक पडला नाही. जानेवारीत याच घाटात, एवढीच माणसं बसवून, गाडी अजिबात तापत नाही. मग बिघाड गाडीत आहे की घाटात?
— एक वाचक, धुळे

उत्तर : बिघाड गाडीतच आहे. घाट आणि मे महिना मिळून तो उघडा पाडतात, एवढंच. जानेवारीत तापत नाही हे तुम्ही आवर्जून लिहिलंत ते बरं केलंत, कारण निम्मं निदान त्यातच आहे.

पेट्रोल जाळून जी उष्णता निघते तिचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा गाडी ओढायला कामी येतो. साधारण तेवढाच धुरावाटे जातो आणि उरलेला बराचसा रेडिएटरला हवेत सोडावा लागतो. तो किती सोडू शकेल हे आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंशांवर आहे असं धरा. जानेवारीच्या सकाळी हवा १० अंशांवर असेल तर फरक ८५ चा. मेच्या दुपारी हवा ४५ अंशांवर गेली की फरक उरतो ५० चा. रेडिएटर तोच, पंखाही तोच, पण ताकद साठ टक्क्यांच्याही खाली. गरम हवा विरळ असते, त्यामुळे आणखी दहाएक टक्के गेले. आणि हवामान खात्याचे ४५ अंश हे सावलीतले, जमिनीपासून छातीइतक्या उंचीवर ठेवलेल्या पांढऱ्या पेटीतले. तुमच्या बंपरसमोरची, तापल्या डांबराला घासून येणारी हवा त्याहून बरीच गरम असते. एसी चालू असेल तर तीच हवा आधी एसीच्या कंडेन्सरमधली उष्णता उचलते आणि मग रेडिएटरपाशी येते. एसी बंद केल्यावर काटा उतरतो तो यामुळे.

तुमची गाडी नवी होती तेव्हा ही सगळी तूट ती सोसत होती, कारण रेडिएटर गरजेपेक्षा थोडा मोठाच दिलेला असतो. वीस वर्षांत ती शिल्लक संपली. कुठे संपली ते आता शोधायचं.

गॅरेजमध्ये आपण ‘गाडी तापते’ एवढंच सांगतो आणि मेकॅनिक हाताला लागेल तो भाग बदलत सुटतो. गाडी कधी तापते, हे सांगायला हवं. सिग्नलला किंवा रेल्वे फाटकात उभी असताना तापते आणि रस्त्याला लागली की उतरते, तर पंखा बघा. शहरात ठीक, पण पारोळा-एरंडोलच्या मोकळ्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगाने तापते, तर वारा भरपूर आहे, पाणी फिरत नाही: रेडिएटर आतून चोंदलाय, वॉटर पंपाची पाती झिजलीत, किंवा खालचा होज पाइप मऊ पडून ओढीने चपटा होतोय. सकाळी सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच तापली, तर पाणीच कमी आहे, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, किंवा हेड गास्केट गेलंय. तुमची गाडी चढावर, कमी वेगात आणि जास्त जोरात तापते. तिथे वारा आणि पाणी दोन्हींची कसोटी लागते. चाळीसगाव ते कन्नड चढ तीनशे मीटरच्या आसपास, आणि तो ओढायचा ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरांनी. माझा संशय अर्धवट चोंदलेल्या रेडिएटरवर आहे, त्याखालोखाल त्याच्या झाकणावर.

आधी बाहेरून बघा. आपल्याकडे धूळ आहेच, पण कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यांवर जे तंतू उडतात ते रेडिएटरच्या बारीक पत्र्यांत जाऊन बसतात. त्यावर किडे आणि धूळ चिकटली की नमद्यासारखा थर होतो. एसीच्या गाडीत हा थर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत लपतो, समोरून सगळं स्वच्छ दिसतं. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, बागेच्या नळीइतक्या जोराने पाणी मारा. वॉशिंगवाल्याचा प्रेशर पंप लावू नका, पत्रे आडवे होतात.

मग झाकण. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो आतल्या दाबाचा. साधं पाणी उघड्या भांड्यात १०० अंशांना उकळतं; या झाकणाखाली ते ११८-११९ पर्यंत उकळत नाही. रबर कडक झालं किंवा स्प्रिंग बसली की दाब धरला जात नाही आणि घाटात पाणी शंभरीच्या आसपासच उकळून बाटलीत फेकलं जातं. गाडी थंड झाल्यावर बाटलीतलं पाणी रेडिएटरमध्ये परत जातंय का ते पाहा. जात नसेल तर झाकण बदला. या दुरुस्तीतला सगळ्यांत स्वस्त भाग हाच, आणि सगळ्यांत शेवटी आठवतो तोही हाच.

पंखा शहरात चालतो म्हणून तो बरोबर चालतो असं नाही. पंखा फिरत असताना जाळीसमोर वर्तमानपत्राचा कागद धरा. तो आत ओढला जाऊन चिकटला पाहिजे. बाहेर उडाला तर कुणीतरी मोटरच्या वायरी उलट जोडल्यात आणि पंखा येणाऱ्या वाऱ्याशी भांडतोय. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं जागेवर आहे ना तेही बघा. ते काढून ठेवलं की पंखा रेडिएटरच्या मधल्या गोलातूनच हवा ओढतो, कोपरे तसेच राहतात.

आतून चोंदलेला रेडिएटर ओळखायचा तर इंजिन चांगलं तापवून बंद करा, पंखा थांबू द्या आणि हात सांभाळून रेडिएटरच्या अंगावर जागोजाग लावून बघा. वरून खाली उष्णता हळूहळू कमी व्हायला हवी. मध्येच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. (कोविडच्या दिवसांत घेतलेली कपाळावर धरायची ती बंदूक इथे कामाची नाही, ती ४२-४३ च्या पुढे मोजत नाही.)

नळ्या बंद कशाने झाल्या? बहुधा बोअरच्या पाण्याने. आपल्या कूपनलिकांचं पाणी जड. बादलीच्या कडेला आणि गिझरच्या कॉइलवर जे पांढरं किटण धरतं तेच रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या आत बसतं आणि उष्णता अडवतं. एकदा भरलेल्या पाण्यातले क्षार एकदाच बसतात, पण गळती असेल आणि दर आठवड्याला तांब्याभर पाणी ओतत असाल तर दर तांब्याबरोबर नवे क्षार येतात. नळाचं पाणी त्या मानाने बरं, पण खरं तर डिस्टिल्ड पाणीच वापरावं, आणि त्यात कूलंट. ‘खानदेशात पाणी गोठतंय कुठे, कूलंट कशाला?’ असं विचारणारे पुष्कळ भेटतात. ते गंज धरू देत नाही आणि उत्कलनबिंदू आणखी वर नेतं, म्हणून घालायचं. प्रमाण निम्म्यापर्यंत. नुसतंच कूलंट भरणं हा पैसे टाकून केलेला तोटा आहे, कारण उष्णता वाहून न्यायला पाणीच जास्त चांगलं. दोन रंगांची कूलंटं मिसळू नका. आणि डबा उघडा ठेवू नका. ते गोड लागतं आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात.

थर्मोस्टॅट परत बसवा. तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. उघडल्यावर त्याची अडचण जवळपास शून्य, त्यामुळे तो काढून घाटातला प्रश्न सुटणारच नव्हता. काही इंजिनांत तर तो नसला की थोडं पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत येतं. आणि धुळ्याचा पारा डिसेंबर-जानेवारीत सात-आठ अंशांखाली जातो तेव्हा इंजिन तापायलाच तयार होत नाही. तुमच्या गाडीत पेट्रोलचं मोजमाप संगणक करतो. इंजिन गार आहे असं दिसलं की तो पेट्रोल वाढवतो. अॅव्हरेज पडलंय का ते तुम्हीच सांगा.

एवढं करूनही तापली, तर सकाळी थंड गाडीचं झाकण उघडून इंजिन सुरू करा. पाण्यात बुडबुडे येतच राहिले, ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या कॉफीसारखा फेस दिसला, किंवा कुठेही गळती नसताना पाणी कमी होत गेलं, तर हेड गास्केट. मग हेड उतरवून फेसिंग करावं लागेल. तुमच्या वर्णनावरून अजून ती वेळ आलेली वाटत नाही, पण लाल रेघेवर आणखी दोन-तीन घाट चढवलेत तर येईल.

तोवर घाट चढायचाच असेल तर उन्हं चढायच्या आत चढा. पेट्रोल वाचवायला तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून रेटू नका. दुसऱ्यात इंजिन वेगाने फिरतं आणि त्याबरोबर वॉटर पंपही. काटा चढायला लागला की एसी बंद, आणि गाडीत हीटर असेल तर पूर्ण चालू. तो म्हणजे आणखी एक छोटा रेडिएटरच. मे महिन्यात हे सांगताना मलाच घाम फुटतो, पण उपयोग होतो. तरीही चढला तर कडेला सुरक्षित जागी थांबा. वाफ नसेल आणि पंखा चालू असेल तर इंजिन मिनिट-दोन मिनिटं तसंच फिरू द्या. वाफ दिसली, किंवा लाल रेघेवरचा काटा एकाएकी खाली पडला, तर त्याच क्षणी बंद करा. पडलेला काटा बघून लोकांना हायसं वाटतं. प्रत्यक्षात पाणी संपलेलं असतं आणि सेन्सरला स्पर्शच उरलेला नसतो.

झाकणाला निदान अर्धा-पाऊण तास हात लावू नका. आत दाबाखाली ११० अंशांचं पाणी असतं आणि झाकण सुटताच त्याची वाफ तोंडावर येते. वरचा होज पाइप मुठीत धरवेल इतका निवला की मग उघडा. रिकाम्या, तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

प्रश्न : वडिलांची १९८५ ची प्रीमियर पद्मिनी आम्ही हौसेने ठेवली आहे. जळगावात दुपारी बाजारात दहा मिनिटं उभी केली की पुन्हा सुरूच होत नाही. पाणी उकळलेलं नसतं, काटाही मध्यावर असतो. पाऊण तासाने आपोआप सुरू होते.
— एक वाचक, जळगाव

उत्तर : इथे पाणी नव्हे, पेट्रोल उकळतंय. पेट्रोलचे हलके घटक ४० अंशांच्या आसपासच वाफ व्हायला लागतात. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला, आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, त्यामुळे वाफ आणखी लवकर होते. इंजिन बंद केलं की पंखा आणि पाणी दोन्ही थांबतात, पण ओतीव लोखंडातली उष्णता बॉनेटखाली भरत राहते. म्हणून गाडी चालताना बंद न पडता थांबवल्यावर रुसते. सध्याच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्याने वाफ होण्याची ओढ वाढते आणि जुन्या रबरी नळ्याही खराब होतात.

जुने फियाटवाले पंपावर ओलं फडकं टाकायचे ते अगदी बरोबर होतं. उभी करताना बॉनेट थोडं उघडं ठेवलंत तरी फरक पडेल. कायमचा उपाय हवा असेल तर पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपपासून लांब न्या, पंपाखालचा उष्णतारोधक तुकडा जागेवर आहे का बघा, नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घाला. त्यानेही भागलं नाही तर टाकीजवळ विजेचा छोटा पंप बसवून घ्या. तो ओढत नाही, ढकलतो.

एक खात्री मात्र आधी करा. तापलेली इग्निशन कॉइलही हुबेहूब असंच करते. गाडी रुसलेली असतानाच कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल येतंय का आणि प्लगला ठिणगी आहे का, हे दोन्ही मेकॅनिककडून पाहून घ्या. पेट्रोल आहे आणि ठिणगी नाही, तर फडकं पंपावर टाकून काही होणार नाही, कॉइल बदला. आणि ही तपासणी दुपारीच करून घ्या. सकाळी गॅरेजला नेलीत तर गाडी पहिल्या चावीला सुरू होईल आणि मेकॅनिक तुमच्याकडेच संशयाने बघेल.