जुन्या मोटारीचा ‘टोटल लॉस’

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना क्षतिपूर्तीचे तत्त्व पाठ असते. ते व्यवहारात पाहू. समजा, सिल्वासातील एका गृहस्थांची १९६५ सालची फियाट दमणगंगेच्या पुरात बुडाली. विमापत्रातील किंमत ४,००,००० रुपये, दुरुस्तीचा अंदाज ३,१०,०००. खर्च ७५ टक्क्यांवर गेला, म्हणजे ‘टोटल लॉस’; गाडी दारात धडधाकट उभी दिसली तरी! (विमा केवळ तृतीय पक्षाचा असेल तर काहीच मिळत नाही.)

खरा वाद किमतीचा. पाच वर्षांपर्यंत घसाऱ्याचे कोष्टक असते. चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घट. त्यापुढे किंमत मालक व कंपनी यांच्या संमतीने ठरते. येथेच हौशी मालक फसतो. हप्ता वाचावा म्हणून तो आकडा कमी लिहितो. मग इंजिनावर, क्रोमवर ओतलेला पैसा कोण मोजणार? मूल्यांकन बिले व छायाचित्रांसह विमा घेतानाच करावे. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील गाडीस ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, पण तिने विम्याची रक्कम वाढत नाही.

सांगाडा स्वतःकडे ठेवल्यास भंगाराची किंमत वजा होते. ती किती धरली, हे सर्वेअरच्या अहवालात पाहावे. गाडी कायमची निकामी झाल्यास नोंदणी अधिकाऱ्यास १४ दिवसांत कळवावे लागते. कंपनीने तक्रार फेटाळली, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते.