सवय होईलच, मग काळजी कशाला?

प्रश्न : हवामान बदललं तरी प्राणी-पक्षी हळूहळू जुळवून घेतातच. मग एवढी चिंता का?

उत्तर : एकटा जीव आयुष्यात थोडंफार जुळवून घेतो, पण गरज पडली म्हणून त्याची शरीररचना बदलत नाही. बदलते ती समूहाची जडणघडण, आणि तीही मृत्यूच्या चाळणीतून. गालापागोसच्या डॅफ्ने मेजर बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी हे प्रत्यक्ष मोजलं. १९७७च्या दुष्काळात बारीक, मऊ बिया संपल्या. उरली गोखरूच्या कुळातली टणक, काटेरी फळं. तिथल्या मध्यम आकाराच्या फिंच पक्ष्यांपैकी सुमारे ८५ टक्के नाहीसे झाले. तगले ते मुख्यतः जाड चोचीचे, आणि पुढच्या पिढीची सरासरी चोच जाड झाली. दुष्काळामुळे कुणाची चोच वाढली नव्हती.

‘म्हणजे निसर्ग मार्ग काढतोच,’ असं कुणी म्हणेल. पण जाड चोचीचे पक्षी आधीपासून होते, म्हणूनच तो मार्ग निघाला. माळढोकासारखा पक्षी मोजकाच उरलाय, एका विणीत बहुधा एकच अंडं घालतो आणि त्याचे माळही आक्रसताहेत. त्याच्याकडे निवडीला वाव आणि वेळ, दोन्ही कमी. म्हणून संख्या, विविधता आणि अधिवास आजच राखायला हवेत.