आईचा खोकला आणि खिडकीतली कबुतरं

१. कोरडा खोकला महिनोन्‌महिने हटत नसेल, तर छातीच्या डॉक्टरांनाच दाखवावं. आईचा खोकला आम्ही दीड वर्षं ॲलर्जीच्या गोळ्यांवर काढला. जिन्यात ती कठडा धरून थांबायची आणि आम्ही म्हणायचो, वय झालं. ती हळहळ अजून जात नाही.

२. डॉक्टर घराबद्दल विचारतात, तेव्हा आठवून आठवून सांगावं. पाठीला स्टेथोस्कोप लावताच त्यांना वेल्क्रोचा पट्टा उघडल्यासारखी करकर ऐकू आली. पहिला प्रश्न, "कबुतरं येतात का?" एसीच्या बाहेरच्या युनिटवर घरटं होतं. वाळलेली विष्ठा आई रोज सकाळी खराट्याने झाडायची.

३. कबुतर निमित्त, फुफ्फुस घट्ट करतात त्या आपल्याच पेशी. मला हे पटायला वेळ लागला. विष्ठेतली, पिसांवरच्या भुकटीतली प्रथिनं श्वासातून आत जातात. मॅक्रोफेज पेशी ती गिळतात, टी-लिम्फोसाइट पेशींना बोलावून घेतात, सूज येते. एकदाच झालं असतं, तर काम उरकून त्या शांत झाल्या असत्या. पण आमच्याकडे खराटा रोज फिरत होता. मग मॅक्रोफेज टीजीएफ-बीटासारखे संदेश सोडत राहतात, फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजन रचत राहतात. वायुकोशांच्या तलम भिंती राठ होतात, प्राणवायू रक्तात उतरेनासा होतो. आजाराचं नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. आम्ही कधी ऐकलंही नव्हतं. आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या नोंदणीत, इंटरस्टिशियल फुफ्फुसविकाराच्या १,०८४ नव्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना तोच होता!

४. सूज उतरते, व्रण राहतो. स्टेरॉइडनंतरच्या छातीच्या एचआरसीटी स्कॅनमध्ये दुधी काचेसारखा भाग बराच निवळला. तळाची मधाच्या पोळ्यासारखी जाळी तशीच होती. निन्टेडानिब या औषधाने व्रण वाढण्याचा वेग कमी होतो, झालेला व्रण पुसला जात नाही. शिवाय जुलाब होतात, त्याची तयारी ठेवावी.

५. विष्ठा कोरडी झाडू नये. पाणी मारून, एन-९५ मास्क लावून काढावी, आणि रुग्णाने तिथे फिरकूही नये.

६. दाणे टाकणाऱ्याला दोष देऊ नये. २०२५ मध्ये मुंबईतला दादरचा कबुतरखाना बंद झाला, तेव्हा आई टीव्हीसमोर गप्प बसून होती. तिनेही वर्षानुवर्षं मूठभर ज्वारी टाकली होती.

गेल्या महिन्यात सहा मिनिटं चालण्याची चाचणी झाली. ऑक्सिमीटर ८८ वर आला होता. खुर्चीत टेकल्यावर, धाप ओसरायच्या आतच तिने विचारलं, "खिडकीत चिमण्यांना पाणी तरी ठेवू का गं?"

मी तिचा हात धरला आणि नको म्हणाले.