राख, चिंच आणि तेलाचा हात

पावसाळ्यात कणसे आणि हिवाळ्यात भरताची वांगी ज्या लोखंडी जाळीवर भाजतात, ती जाळी तुम्ही कधी नीट पाहिली आहे का? अंगणातली कोळशाची शेगडी असो, नाहीतर शहरांत विकत मिळणारी 'बार्बेक्यू ग्रिल' असो, भाजणे संपले की जाळीवर काळे, तांबूस, चिकट असे काहीतरी उरतेच. ते सगळे घासून टाकावे असे वाटते. पण ते सगळे एकच नसते. त्यातले काही काढायचे असते, तर एक थर मुद्दाम राखायचा असतो. कोणता, ते रसायनशास्त्र सांगते.

आधी निखारा पाहा

राख उष्णतेची मंदवाहक आहे. तिच्याखाली निखारा तासन्‌तास जिवंत राहतो. पूर्वी रात्री चुलीतले निखारे राखेने झाकून ठेवत आणि सकाळी फुंकर घालून तोच विस्तव पुन्हा फुलवत, ते याच गुणामुळे. म्हणून वरून थंड दिसणारी शेगडी विझलीच आहे असे समजू नका.

अपुऱ्या हवेत कोळसा जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट जोडला जातो. मग ऑक्सिजनला जागाच उरत नाही. उबेसाठी बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे दगावतात, ती यामुळेच. तेव्हा शेगडी उघड्यावरच पूर्ण विझू द्या. घाईने तिच्यावर पाणीही ओतू नका. तापलेले बीड एकाच बाजूने एकदम आकुंचन पावले की तडकते आणि वाफेबरोबर गरम राख अंगावर उडते.

चिकट थराला राख

जाळीवरचा पहिला थर जळलेल्या अन्नाचा आणि तेलाचा. तो राहू दिला तर पुढच्या वेळी धूर होतो आणि पदार्थाला कडवट वास लागतो. यावर उपाय शेगडीतच आहे! लाकडी कोळशाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट हा अल्कधर्मी पदार्थ असतो. तेलाशी त्याची क्रिया होऊन थोडा साबण तयार होतो आणि राखेचे बारीक कण घासण्याचे काम करतात. आपल्याकडे राखेने भांडी घासत, त्यामागचे शास्त्र हेच.

घासायला नारळाची शेंडी घ्या. तारेच्या ब्रशची तुटलेली बारीक तार जाळीत अडकून राहिली तर ती घासाबरोबर पोटात जाऊन घसा किंवा आतडे जखमी करू शकते. शेवटी उरलेली राख झटकून टाका. ती हवेतील ओलावा शोषून लोखंडाला चिकटून बसते.

गंजाला चिंच

दुसरा थर तांबूस गंजाचा. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की तो तयार होतो, आणि मीठ असेल तर आणखी लवकर. गंज सच्छिद्र असतो. त्यातून ओलावा आत जातो आणि खालचे लोखंडही गंजू लागते. येथे राख फारशी उपयोगी नाही, आम्ल हवे. चिंचेच्या कोळातील टार्टारिक आम्ल गंज विरघळवते. मात्र कोळ १५-२० मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, कारण गंज संपला की आम्ल लोखंडच खाऊ लागते. जाळी धुऊन लगेच कोरडी करा.

राखायचा थर

आता उघड्या पडलेल्या लोखंडाला संरक्षण हवे. जाळीला जवसाच्या किंवा करडईच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि ती उघड्यावर निखाऱ्यांवर धूर थांबेपर्यंत तापवा. या तेलांचे रेणू उष्णतेने आणि ऑक्सिजनमुळे एकमेकांना जोडले जाऊन मोठे बहुवारिक बनते. तैलरंग वाळून कडक होतो, त्यातलाच हा प्रकार. हा गुळगुळीत काळा थर म्हणजे मळ नव्हे, ते लोखंडाचे चिलखत आहे. तेल जास्त झाले तर मात्र थर चिकट राहतो.

एक इशारा. जाळी जस्ताचा मुलामा दिलेली असेल तर ती भाजण्यासाठी वापरू नका. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते, आणि लाल दिसणाऱ्या निखाऱ्याचे तापमान ५०० अंशांच्या वरच असते.

करून पाहा

१. थंड राख पाण्यात ढवळून गाळा. हळद लावून वाळवलेल्या कागदावर त्याचा थेंब टाका. कागद तांबूस होईल. आता त्यावर लिंबू पिळा. काय झाले?

२. तीन लोखंडी खिळे घ्या. एक साध्या पाण्यात ठेवा, दुसरा मिठाच्या पाण्यात. तिसऱ्याला तेल चोळून तो साध्या पाण्यात ठेवा. पाच दिवस रोज पाहून नोंद करा.

विचार करा

ॲल्युमिनियमवरही ऑक्साइडचा थर येतो, तरी ॲल्युमिनियमची पातेली गंजासारखी झिजत जात नाहीत. असे का?